जरा मागे घे

थांबव. जरा मागे घे.
हां, इथे.
ही लाल गाडी टेकडीवरून सुटते ना,
ती एक नाही, तीन आहेत.
पहिलीला इंजिन, दुसरीला नुसताच चेहरा,
तिसरी म्हणजे पत्र्याचं खोकं, खाली जुन्या पिकअपची चासी,
इथेच शारजात, सहा नंबर इंडस्ट्रियल एरियात
चेरियनच्या गॅरेजमध्ये ठोकून काढलेली.
तिन्हींना रंग माझा.
पंचवीस दिरहम रोज, जेवण वेगळं.

साहेब म्हणाला, बॉनेटवर ज्वाळा पाहिजेत.
आणि मासिकाचं एक फाटकं पान पुढे टाकलं.
मी जन्मात जाळ रंगवला नव्हता रे.
हर्णैला होड्यांच्या नाळेवर लाटा काढायचो,
एका श्वासात एक लाट, मनगट न उचलता.
तीच लाट उलटी धरली,
निळ्याच्या जागी नारिंगी भरला.
साहेब खूश. खांद्यावर थाप. खरी आग, म्हणाला.
तू नीट बघ,
टोकाटोकाला अजून फेस आहे.

आता जाऊ दे पुढे.
हा अमेरिकेचा हायवे
म्हणजे आपला धैदचा रस्ता, ऑगस्ट, दुपारचे दोन.
'पुढचं गाव ऐंशी मैल' ही इंग्रजी पाटी माझ्या हातची.
ते गाव कुठेच नाही.
खाली कोपऱ्यात काळं काहीतरी हललं, दिसलं?
मुसब्बहची बकरी.
कापायची राहिली.
पिक्चरमधून, म्हणतो मी.

आणि ही सोनेरी केसांची बाई,
ओठ मुडपून गिअर टाकणारी, तिचे हात बघ.
थांबव! स्टिअरिंगवर डावी करंगळी.
अर्धीच आहे.
उरलेली फॅनबेल्टात गेली, शहात्तर साली.
हमदुल्ला वांगडे, तालुका खेड.
नटीला क्लच कळेना, म्हणून ह्याला विग चढवला,
मिशी उतरवायला सांगितली.
मिशीचे शंभर दिरहम त्याने वेगळे मागून घेतले
आणि त्या रात्री खोलीवर
कुणाशी बोलला नाही.

उडी मात्र त्याचीच.
वाळूचा उतार, खाली फळ्या, फळ्यांवर वाळू,
आणि आम्ही चौघं आडोशाला, पाण्याचे डबे घेऊन,
जणू पाण्याने काही होणार होतं.
तिसरी गाडी हवेत गेली तेव्हा तिचा दरवाजा सुटला,
तो वेगळाच, सावकाश, कुठेतरी निघाल्यासारखा गेला.
पुढच्या सीनला दरवाजा जागेवर आहे. बघ.
लोकांच्या लक्षात येत नाही.
मला दुसरं काही दिसतच नाही.

आवाज?
आवाज गाडीचा नाही.
तिचं इंजिन सर्दी झाल्यासारखं शिंकायचं.
आवाजवाला पोरगा दोन दिवस कानाला डबे लावून
खोरावर भटकला,
मांडवीहून खजुरासाठी आलेल्या एका लाँचशी थांबला,
म्हणाला, हाच.
म्हणजे टेकडी चढताना जी गुरगुरते
ती बोट आहे, ओहोटीची वाट बघत उभी.
हमदुल्लाला हे कळलं तेव्हा तो इतका हसला
की चहा नाकातून आला.
मला मात्र हा सीन बघताना
अजून थोडं मळमळतं,
समुद्र लागावा तसं.

तो आता गावी शाळेची व्हॅन चालवतो.
काटा तीसच्या वर जात नाही.
पोरांना सांगतो, मी सोनेरी बाई होतो.
पोरं म्हणतात, चाचा, पुढे बघा, म्हैस आहे.

ही नावं आली. भराभर जातात.
हे चेरियनचं, स्पेलिंग चुकलेलं.
हे बकरीवाल्याचं, का कोण जाणे.
आमची शोधू नको.
पण बंद नको करू एवढ्यात.
यादी संपेपर्यंत
खाली बारीक
लाँच चालू असतं.